तेहतीस मुळ्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि सांगायला बसलो की आधी आठवते ती पाटी. पाटीची गोष्ट विनोदी आहे, म्हणून तीच पहिली सांगतो. हसून घ्या. पुढं हसू येईलच असं नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कॉलेजात औषधी बाग झाली. मी तिथं रसायनशास्त्र शिकवतो, पण पोरं मला ओळखतात ‘घेटुळीवाले सर’ म्हणून. घेटुळी म्हणजे पुनर्नवा. जमिनीसरपट पसरणारा वेल, रस्त्याकडेला उगवतो, शेळीशिवाय कुणी त्याच्याकडं बघत नाही. त्याच्या मुळीतून सुजेवर काम करणारं एक द्रव्य मी वेगळं काढलं, त्यावर डॉक्टरेट घेतली, आणि गेली पंधरा वर्षं त्या एका मुळीवर भाषणं देत हिंडतोय. त्यामुळं बागेतली पहिली पाटी घेटुळीची, आणि ती माझ्या हातानं. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरं — नाव, शास्त्रीय नाव, उपयोग. आणि तळाशी — हो, तळाशी — ‘संशोधन’ असं लिहून पुढं माझं नाव. नारळ फुटला. फोटो झाले.

त्याच महिन्यात माझ्या सासूबाई मोतीबिंदू काढायला आमच्याकडं आल्या. त्यांना सगळे जिजी म्हणतात. आष्टी तालुक्यात, कड्याच्या अलीकडं एका वस्तीवर राहतात. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मी त्यांना आधी कुठं नेलं असेल? बागेत. नवा डोळा आहे, म्हटलं, जावयाची पाटी बघू दे. अक्षर येत नसलं तरी थाट तर दिसेल!

जिजी वाकल्या. एक पान चुरगाळलं. मग माझ्या बायकोकडं — वैजयंताकडं, वैजूकडं — तोंड करून म्हणाल्या, “वैजे, सांग त्यान्ला, पाटी खापऱ्याला घेटुळी म्हनती.”

मी तिथंच, चार हातांच्या अंतरावर उभा. पण जिजी जावयाशी थेट बोलत नाहीत. त्यांच्या पिढीची रीत. लग्न झाल्यापासून त्यांचं माझ्याशी सगळं बोलणं असंच भिंतीवर चेंडू मारल्यासारखं, वैजूवर आपटून माझ्याकडं येतं.

खापरा म्हणजे घेटुळीसारखंच दिसणारं दुसरं तण. लांबून जुळी बहीण. “घेटुळीचं बी लुगड्याला चिकटतं,” जिजी म्हणाल्या, “ह्येचं चिकटतंय का बघ म्हणावं.” मी पॅन्टचा पाय त्या झाडावर घासून बघितला. काही चिकटलं नाही. वैजूनं पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे हलायला लागले.

आता मला सांगा, घेटुळीवर डॉक्टरेट केलेल्या माणसाला घेटुळी ओळखता येत नाही, हे कसं?

या प्रश्नाचं उत्तर विनोदी नाही. ते उत्तर म्हणजेच ही सगळी गोष्ट. आणि पाटी? पाटी मी हलवली नाही. फोटो छापून आले होते ना.

*

सोळा वर्षांमागं मी विद्यापीठात संशोधन करत होतो. लग्नाला दोन वर्षं झालेली. विषय मोठ्या ऐटीत घेतलेला, की पुनर्नवेच्या मुळातलं सूज कमी करणारं द्रव्य वेगळं करायचं. जुन्या ग्रंथांत तिला ‘शोथघ्नी’ म्हटलंय, सूज मारणारी. म्हटलं, नावातच उत्तर आहे, आपण फक्त बाटलीत भरायचं.

भादव्यात, पाऊसपाण्याचे दिवस बघून, मी पोतंभर मुळ्या खणून आणल्या. हिरवीगार पानं, लुसलुशीत वेल, मला वाटलं हीच खरी ताकदीची. सावलीत वाळवल्या, कुटल्या, मद्यार्कात अर्क काढला, काचेच्या उभ्या नळीतून तो थेंब-थेंब गाळला. त्यातले घटक वेगळे झाले का हे बघायला त्याचा एक ठिपका पांढऱ्या प्लेटवर चढवायचा, आणि ती प्लेट निळ्या दिव्याखाली धरायची. घटक सुटे झाले असतील तर ठिपके वेगवेगळे चमकतात. माझ्या प्लेटवर काय दिसायचं? घरात कुणी चहा सांडून पायानं पुसल्यासारखा एक लांबट डाग. बस.

वर्ष गेलं. डागच. ती सगळी मुळी घेटुळीची तरी होती का? आज विचाराल तर छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पोत्यात निम्मा खापरा असणार.

माझे मार्गदर्शक सर भला माणूस. पण एक दिवस त्यांनीही चष्मा काढून टेबलावर ठेवला. दिवाळीपर्यंत द्रव्य हाती आलं नाही तर विषय बदलायचा, म्हणाले. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे गावाकडं जाऊन सांगायचं, झालं नाही. आमच्या अख्ख्या भावकीत बी.एस्सी.च्या पुढं गेलेला मी पहिला. वडील तेव्हापासूनच मला ‘डॉक्टर’ म्हणायला लागले होते — आणि गावातले लोक त्यांच्या गुडघ्यांची दुखणी घेऊन माझ्याकडं यायला लागले होते. कसं सांगणार?

अशात धोंड्याचा महिना आला.

तीन वर्षांनी कधीतरी येणारा तो अधिकाचा महिना. तो आला की सासुरवाडीचं आवतण येतं. जावई म्हणजे साक्षात विष्णू — वर्षभर असो नसो, त्या महिन्यात असतो. त्याला पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तेहतीसच. बत्तीस नाही, चौतीस नाही.

ते वैशाखाचे दिवस होते. जिजी आणि सासरे कारखान्याची तोड संपवून नुकतेच माजलगावकडून परतलेले. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाच्या यादीत नाव एकच, नवऱ्याचं. बायको त्या नावात असते. जिजी अशी तीस हंगाम त्या एका नावात होत्या. पण तोडीच्या टोळीत कुणाचं मनगट सुजलं, पाय मुरगळला, की माणसं मुकादमाकडं जात नव्हती. जिजींच्या खोपीपुढं बसत होती. त्यांच्या गाठोड्यात कायम मुळ्या असायच्या. उगाळून लेप.

हे मला माहीत होतं का? होतं. वैजूनं लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. मग मी त्यांना आधीच का विचारलं नाही? अहो, मी शास्त्रज्ञ होतो!

त्या दिवशी जिजींनी दाराआडून वैजूला विचारलं, “पावनं वाळलं कावून?” वैजूनं खरं ते सांगितलं. मुळ्या दाद देत नाहीत, म्हणाली. भादव्यात खणलेल्या. आतून एक आवाज आला, हसू दाबल्यासारखा. मग, “भादव्यात? आगं, पानं हिरवी आसली की समदा जीव वर आसतो. पानं जळाली की जीव खाली उतरतो. तवा मुळी भरती. सांग त्यान्ला.”

त्या दिवशी संध्याकाळी जिजी वस्तीमागच्या माळावर गेल्या आणि वाळक्या वेलींना आवतण देऊन आल्या. चार दाणे ज्वारीचे, चिमूट हळद — उद्या न्यायला येते, म्हणून सांगायचं. न सांगता मुळी खणली तर ती कामाला येत नाही, अशी त्यांची समजूत. मी अंगणात बसून मनातल्या मनात हसलो. झाडाला आवतण! जावयासारखं!

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. मी आणि माझा साडू, वैजूच्या थोरल्या बहिणीचा नवरा. जीप चालवायचा, बोलायला मोकळा. वैजू वाढत होती. तिच्या नखांत माती होती. पुरणाचं ताट, आणि नखांत माती! मी तिच्याकडं डोळे वटारले. तिनं पाहिलं, आणि तूप वाढलं.

मग वाण आलं. साडूच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा. माझ्या ताटात तेहतीस मुळ्या. वर दिवा.

साडू पोट धरून हसला. “सायेब, आमाला अनारसं अन् तुमाला मुळ्या! काय पाप केलं वो तुमी?”

माझे कान तापले. काळपट, वेड्यावाकड्या, बोटाएवढ्या मुळ्या, धुऊन पुसून गोल रचलेल्या. दोन-चारींना वाळका वेल तसाच ठेवलेला, ओळख पटावी म्हणून. दाराआडून आवाज आला, “वैजे, सांग, वाण हाय. नाकारायचं नसतं.”

मी नाकारलं नाही. रुमालात बांधून आणल्या. तोंड कडू करून.

*

आता जे सांगतो ते सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो, आणि तो आनंदाचा. खोटं का बोलू?

त्या मुळ्यांचा अर्क पहिल्या दिवसापासून वेगळा वागला. रंगच वेगळा. नळीतून उतरताना पट्टे सुटे पडायला लागले, जणू लुगड्याचे काठ. तिसऱ्या आठवड्यात मी प्लेट निळ्या दिव्याखाली धरली. डाग नव्हता. एकाखाली एक, सुटे, स्वच्छ ठिपके. आणि मधला एक असा झळकत होता की मी दिवा बंद करून पुन्हा लावून बघितला, खरंच आहे ना? त्या ठिपक्यातलं द्रव्य वेगळं काढून ठेवलं, आणि चार दिवसांनी काचेच्या तळाशी पिवळसर स्फटिक धरले. गव्हाच्या कुसासारखे बारीक, टोकदार. मी त्या बशीसमोर नाचलो. खरंच नाचलो. शेजारच्या प्रयोगशाळेतला शिपाई दारात येऊन उभा राहिला आणि आधी गॅस सुटलाय का ते बघून गेला.

मग उंदरांवरच्या चाचण्या. पंजाला सूज आणायची, द्रव्य द्यायचं, तासातासाला मोजायचं. सूज उतरत होती. माझ्या पोत्याचा अर्क दिलेल्या उंदरांची नाही. तेहतीस मुळ्यांतलं द्रव्य दिलेल्यांची. ते द्रव्य अजून औषध म्हणून दुकानात आलेलं नाही, येईल की नाही ठाऊक नाही, उंदराच्या पंजापासून माणसाच्या गुडघ्यापर्यंत लांबचा रस्ता असतो. पण त्या दिवशी मला रस्ता दिसला होता.

प्रबंध झाला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी सगळं सोडून एकाच पानावर बोट ठेवलं. मुळी काढण्याचा काळ. लोक पावसाळ्यात हिरवी मुळी काढतात, तुम्ही भर उन्हाळ्यात, पानं वाळल्यावर काढलीत, हे सुचलं कसं?

त्या पानावर छापलेलं होतं: ‘मुळे लेखकाने स्वतः, पाने वाळल्यानंतर, गोळा केली.’

मी म्हणालो, “निरीक्षणातून, सर.”

टाळ्या वाजल्या.

प्रबंधाच्या सुरुवातीला आभार आहेत, चार पानं. मार्गदर्शकांचे, आई-वडिलांचे, झेरॉक्सवाल्याचे, खानावळवाल्याचे. अर्क काढायच्या यंत्राचे विनोदानं मानलेले आभारही आहेत. जिजी नाहीत.

तुम्ही म्हणाल, बस एवढंच? एक ओळ? मीही तसंच म्हणत होतो. एक ओळ तर आहे. त्यांना वाचता येत नाही. त्यांना त्याचं काय?

त्यानंतर पाच वेळा धोंड्याचा महिना आला. एकदा कोरोनामुळं जाता आलं नाही, तेव्हा जिजींनी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती अनारसे पाठवले. बाकी चार वेळा पाटावर बसलो, विष्णू झालो, धोंडे खाल्ले. त्यांनी पुन्हा मुळ्या दिल्या नाहीत. मी मागितल्याही नाहीत. आता मुळ्या विकत मिळत होत्या, आणि मी ‘मुळी केव्हा काढावी’ या विषयावर तास-तास बोलत होतो. “समदा जीव खाली उतरतो” — हे जिजींचं वाक्य मी प्रमाण मराठीत करून घेतलं होतं. त्यावरही टाळ्या पडायच्या.

*

गेल्या माघात जिजींच्याच गावात जैवविविधतेची नोंदवही लिहायचं काम निघालं. गावात कोणती झाडं, कोणत्या वनस्पती, त्यांचा उपयोग कुणाला ठाऊक, हे सगळं विचारून लिहायचं. वहीत एक रकाना असतो: ‘माहिती देणाऱ्याचं नाव’. तज्ज्ञ म्हणून बोलावलेलं कुणाला? घेटुळीवाल्या सरांना.

शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. खुर्चीवर मी, बाजूला ग्रामसेवक, पुढं वस्तीवरच्या बाया. जिजी आल्या. नवा डोळा, स्वच्छ पातळ, पदरात काहीतरी बांधलेलं. त्यांनी गाठ सोडली. मुळ्या. त्यांनी घेटुळीबद्दल सांगायला सुरुवात केली. आवतण, पानं जळणं, जीव खाली उतरणं, उगाळायची कशी, लावायची कशी. माझी भाषणं मी पहिल्यांदा मूळ आवाजात ऐकत होतो.

ग्रामसेवक तरुण, हसरा. त्यानं पेन थांबवलं. “जिजी, आवो ह्ये तर तुमच्या जावयानं शोधलंय! छापलेलं हाय. मी वाचलंय ना. जावयाचं ऐकून आमाला सांगायला लागल्या व्हय?”

बाया हसल्या. जिजींनी माझ्याकडं बघितलं.

थेट. पहिल्यांदा. अठरा वर्षांत त्यांनी माझ्या डोळ्यांत असं कधी बघितलं नव्हतं. रागानं नाही. विचारत होत्या फक्त. तुम्ही सांगताय का मी सांगू?

आणि मी काय केलं? फाईल उघडली. त्या फाईलमध्ये काय होतं सांगू? कोरे कागद. मी कोरे कागद चाळत बसलो.

जिजींनी नजर काढून घेतली. मग ग्रामसेवकाला म्हणाल्या, “व्हय बाबा. पावन्यानंच सांगितलं आसंल. म्हातारपणी इसरायला व्हतं.” आणि मुळ्यांना पुन्हा गाठ मारली.

वहीत त्या रकान्यात माझं नाव गेलं. त्यांच्या गावच्या वहीत, त्यांच्या माळावरच्या मुळीपुढं, जावयाचं नाव. सासूनं जावयाची अब्रू झाकली — स्वतःला विसरभोळी म्हणवून. त्यांना सगळं पाठ असतं. कुणाचं मनगट कोणत्या साली सुजलं तेसुद्धा.

त्या दिवसापासून मला भाषण देता येईना. “जीव खाली उतरतो” या वाक्याशी आलो की खोकल्याचं सोंग करून खाली बसायचो. वैजूनं मध-हळद दिली.

*

यंदा जेठात पुन्हा धोंड्याचा महिना आला. आवतण आलं. मी ठरवलं — या वेळी वाण मी नेणार.

पंगतीच्या आदल्या दिवशी ग्रामसभा होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, वहीतलं माझं नाव खोडा. ही माहिती जिजींची आहे. माझ्या प्रबंधातल्या मुळ्याही त्यांनीच खणलेल्या. नाव लिहायचं राहून गेलं होतं.

ग्रामसेवक गोंधळला. “सर, पेनानं लिवलंय. असं खोडता येत न्हाई. वर इच्यारतील. पुरावा?”

पुरावा मी आणला होता. चार पुड्या. एकीत उन्हाळी घेटुळी, एकीत पावसाळी घेटुळी, एकीत खापरा, आणि एकीत तिन्हीची भेसळ. पानं नाहीत, वेल नाही, नुसत्या वाळक्या मुळ्या. कोणतं काय हे प्रत्येक पुडीच्या आत चिठ्ठीवर लिहिलेलं. ग्रामसेवकानं पुड्यांची गल्लत केली, चिठ्ठ्या काढून पुड्यांच्याच क्रमानं आपल्या खिशात ठेवल्या, आणि आधी मीच ओळखायला बसलो. डॉक्टरेट मी केलीय ना?

चारांपैकी तीन चुकलो. ग्रामसभा अशी हसली की शेजारच्या झाडावरचे बगळे उडाले. साडू — आता त्याच्या दोन जीपा आहेत — ओरडला, “सायेब, डिगरी परत करा!”

मग जिजी आल्या. खाली बसल्या. पहिल्या पुडीतली मुळी उचलून कानापाशी नेली आणि मोडली. टक! “ही उन्हाळ्याची. भरलेली.” दुसरी मोडायला गेल्या, ती वाकली. “ही पावसाची. पोकळ.” तिसरीला नख लावलं, जिभेला टेकवलं आणि थुंकल्या. “खापरा.” चौथी पुडी सरळ मांडीवर पालथी केली आणि निवडायला लागल्या, तांदळातले खडे निवडावेत तशा. तीन ढीग. ग्रामसेवक एकेक चिठ्ठी काढत होता, वाचत होता, आणि दर चिठ्ठीला त्याचा आवाज चढत होता. शेवटच्या चिठ्ठीला तर तो खुर्चीवरून उठला. “समदं बराबर! एक बी चुकलं न्हाई!”

बायांनी जो गलका केला! तोडीला ज्यांच्या हातांना, पायांना जिजींनी लेप घातला होता त्या बाया. एकीनं पुढं होऊन आपलं मनगट ग्रामसेवकाच्या तोंडापुढं धरलं, “आरं, ह्यो बघ पुरावा!”

वही उघडली. माझ्या नावावर आडवी रेघ मारली गेली. सही, शिक्का. इतकी सुंदर रेघ मी आयुष्यात पाहिली नाही. मग ग्रामसेवकानं विचारलं, “जिजी, पूर्ण नाव सांगा.”

जिजींनी पदर सावरला. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव. ते त्या उच्चारत नाहीत. आजवर कधी उच्चारलं नाही. सासरे समोर बसलेले, तेही सांगायला तोंड उघडत होते. जिजींनी हात वर करून त्यांना थांबवलं.

“निस्तं सोजरबाई लिव,” म्हणाल्या.

ग्रामसेवकानं लिहिलं. नुसतं सोजरबाई. तीस हंगाम एका नावात दडलेल्या बाईचं, फक्त तिचं नाव. मला सांगा, कोणत्या विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात असं काही घडतं?

मग जिजी उठल्या, पदर झटकला, आणि माझ्याकडं वळल्या. वैजूकडं नाही. माझ्याकडं.

“पावनं,” म्हणाल्या, “आता ती पाटी सरकवा.”

सरकवली. त्यांनी अंगणातली एक जिवंत मुळी फडक्यात बांधून दिली होती. ती कॉलेजच्या बागेत लावली, पाटी तिच्याशेजारी रोवली. तळाची ओळ रंगवून नवी लिहिली. पंधरा दिवसांत कोंब आला. आता तिचं बी माझ्या पॅन्टला चिकटतं, आणि मी ते झटकत नाही. विद्यापीठाला पत्र लिहिलंय. ज्या नियतकालिकात माझा लेख आला होता त्यांनी चार ओळींची दुरुस्ती छापली. जिजींना ती वाचून दाखवली, तर त्यांनी विचारलं, “येवढुशीच?” आणि मोठ्यानं हसल्या.

*

इथं थांबता आलं असतं. गोष्ट गोड झाली असती. त्या दिवशी ग्रामसभेनं मलाही हार घातला. केवढं मोठं मन, म्हणाले. चूक कबूल करायला छाती लागते, म्हणाले. मी तो हार घालून घेतला.

पण मी तिथं काय म्हणालो होतो? ‘राहून गेलं होतं.’

राहून गेलं नव्हतं. हेच सांगायला बसलोय. एवढा फेरा घेतला तो याच एका वाक्यासाठी.

प्रबंधाचा पहिला कच्चा खर्डा मी स्वतः टाइप केला होता. त्यात ती ओळ होती. ‘मुळे सोजरबाई, ऊसतोड कामगार, यांनी आपल्या माहितीनुसार, पाने वाळल्यानंतर काढून दिली.’ सरांनी खर्डा वाचला. त्या ओळीपुढं त्यांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली होती. वर लिहिलं होतं, ‘छान’.

मला कुणीही ती खोडायला सांगितलं नव्हतं. वाद नव्हता, दबाव नव्हता, नियम नव्हता. मी खोलीत एकटा होतो, दुपारची वेळ होती, आणि मी निळ्या पेनानं ती ओळ खोडली. ‘ऊसतोड कामगार’ हे दोन शब्द आधी खोडले. मग वाटलं, नुसतं नाव ठेवलं तर कोण म्हणून विचारतील. मग नाव खोडलं. मग वर लिहिलं, ‘लेखकाने स्वतः’.

विद्यापीठात मी सासुरवाडी बागायतदार आहे असं सांगून ठेवलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. त्या दिवशी डोक्यात काय होतं ते सांगतो. ते पान माझ्याकडं आहे. पंधरा वर्षं कपाटात, प्रमाणपत्रांच्या खाली. लाल खूण, आणि तिच्यावरून गेलेली निळी रेघ.

जिजींनी ओट्यावर माझ्याकडं बघितलं तेव्हा मला हेच पान दिसलं होतं. म्हणून फाईल उघडली. विसरलो नव्हतो. घाबरलो होतो.

बस. हे इतकंच होतं. याला मलमपट्टी मागत नाही. लेप कुणाच्या हातचा असतो ते आता वहीत लिहिलेलं आहे.

हे सगळं लिहून झाल्यावर काल वैजूला वाचून दाखवलं. ते पानही पुढं ठेवलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकलं. पान हातात घेतलं, लाल खूण बघितली, निळी रेघ बघितली, उलटं करून ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. एक जुडी संपवून दुसरी घेतली.

मग म्हणाली, “त्या दिवशी आईचं कंबरडं धरलं हुतं. बत्तीस मुळ्या तिच्या. तेहतिसावी मी खणली. नखांत माती कशाची हुती, वाटलं तुमाला?”